ऑड्रीबाई एक की तीन?

संशयी माणसांच्या आयुष्यात फारसं काही घडत नाही, पण किस्से मात्र भरपूर साचतात. कारण साधी गोष्ट त्यांना साधी दिसतच नाही. कोणी रस्त्यात नमस्कार केला तरी हे घरी जाऊन विचार करत बसतात, 'आज काऊन केला असन?' झाला किस्सा तयार! आमच्या शनिवारच्या बैठकीत अशी चार माणसं आहेत. साठा किती झाला असेल, तुम्हीच बघा.

बैठक भरते पांढुर्ण्याला, 'जामकाठ' या आमच्या त्रैमासिकाच्या कचेरीत. कचेरी म्हणजे बापूरावांच्या संत्र्यांच्या गोदामाची पुढची खोली. बापूराव संपादक. राहणार सावरगावचे, नदीपलीकडचे. जाम नदीच्या काठचं म्हणून 'जामकाठ'. पण आमचा मुलूख पडला मध्य प्रदेशातला, हिंदीचा. एका ओळखीच्या गृहस्थांनी अंकाचं नाव वाचून बापूरावांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बापूराव, जाम? इस उमर में?"

दुसरे चौधरी साहेब, बँकेतून निवृत्त. सगळी नोकरी सह्या ताडून बघण्यात गेली. एकदा स्वतःच्याच रजेच्या अर्जावरची सही जुळत नाही म्हणून त्यांनी अर्ज स्वतःला परत केला होता!

तिसरा मी. सौंसरच्या शाळेतला निवृत्त मराठीचा मास्तर, अंकाची प्रुफं तपासतो. प्रुफं तपासणारा जन्मजात संशयी नसला तरी दोन वर्षांत होतो. 'आई' शब्द दिसला तरी मी आधी ई दीर्घ आहे ना ते बघतो, आई नंतर.

आणि चौथ्या संघमित्राताई. सौंसरलाच जन्ममृत्यूच्या नोंदीचं काम करतात. दर शनिवारी माझ्याच बसने येतात, 'जय भीम' म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात आणि फार कमी बोलतात. लिहितात मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

मागच्या वर्षी त्यांची एक गोष्ट आम्ही छापली. त्यांच्या वडिलांची. वडील रेल्वेत गँगमन होते, तिगावला. एका संध्याकाळी ड्यूटी संपवून घरी यायला निघाले आणि पोचलेच नाहीत. का पोचले नाहीत ते ताईंनी गोष्टीत लिहिलेलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. नऊ पानांची गोष्ट, लिहायला त्यांना कित्येक वर्षं लागली. बापूरावांच्या सुनेने तो अंक इंटरनेटवर चढवला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

*

एका शनिवारी सुनेने एक ई-मेल छापून आणून दिली. इंग्रजीत होती. मी वाचून अर्थ सांगितला. बाईंचं नाव ऑड्री. राहणार ऑस्ट्रेलिया. 'मी कादंबऱ्या लिहिते, विज्ञानावर निबंध लिहिते आणि इथल्या एका वाङ्मयीन त्रैमासिकाची संपादक आहे. तुमच्या अंकातली संघमित्रा यांची गोष्ट मला इंग्रजीत छापायची आहे. त्यांची परवानगी आणि थोडासा परिचय मिळेल का?'

चौधरी साहेबांनी कागद हातात घेतला आणि उजेडात धरला.

"फ्रॉड हाय."

"कशावरून साहेब?"

"सुरुवात पाहा. 'डिअर एडिटर.' अनोळखी मानूस डिअर म्हणून राहिला म्हणजे समजून घ्यायचं! ओटीपी मागतला का?"

"नाही मागितला."

"मागन! अन् परिचय कायले पाह्यजे तिले? माहिती काढून राहिली ते बाई."

बापूराव म्हणाले, "मास्तर, उत्तर देऊ नका. आपन उत्तर दिलं की आपन जिवंत हाओ हे तिले समजते."

असा अर्धा तास गेला. आम्ही तिघांनी मिळून ती बाई नायजेरियापासून नागपूरपर्यंत कुठे कुठे बसून हा उद्योग करत असेल ते ठरवलं. ताई कोपऱ्यात गप्प होत्या. शेवटी मीच विचारलं, "ताई, तुमची गोष्ट आहे. तुम्हाला काय वाटतं?"

त्या म्हणाल्या, "खोटं असन तं असन गुरुजी. पन खरं असन तं?"

ताईंना आपलं काही बाहेर जावं असं वाटताना मी तरी पहिल्यांदाच बघत होतो. आणि आम्ही तिघं दाराला कडी लावून बसलो होतो. मला माझी लाज वाटली. संशय गेला नाही, पण लाज वाटली.

*

पुढच्या शनिवारी चौधरी साहेब अभ्यास करून आले. मोबाइलवर बाईंची सगळी माहिती काढली होती.

"मी सांगतलं होतं ना? हे एक बाई नाहीच हाय. तीन हायेत!"

"तीन?"

"पाहा. एक कादंबऱ्या लिहिते. सात. दुसरी मुंग्यायवर, झाडायवर, मातीवर लेख लिहिते. तिसरी मासिक काढून राहिली. वीस वर्षांपासून! एका जन्मात एका मानसाच्यानं होते का हे? तीन बाया एका नावानं काम करून राहिल्या. टोळी हाय टोळी!"

बापूरावांना हे एकदम पटलं. ते स्वतः संत्री बघतात तेव्हा अंक लांबतो आणि अंक काढतात तेव्हा संत्री गळतात. "माह्याच्यानं दोन होत नाही," ते म्हणाले, "तं ते बाई तीन कशी करन?"

मी म्हटलं, "फोटो एकच आहे की."

"फोटो!" साहेब हसले. त्यांनी स्क्रीनवर बाईंचा डावा कान मोठा करून दाखवला. मग दुसऱ्या एका फोटोतला कान दाखवला. "जुळते का?"

एका फोटोत कान केसांखाली होता. पण साहेबांच्या मते हाच तर पुरावा!

शेवटी सर्वानुमते ठरलं की बाईंकडे पुरावा मागायचा. पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शक्य तितक्या नम्र इंग्रजीत लिहिलं की आमच्या मंडळाला आपल्या कार्याबद्दल आदर आहे, पण आपण आहात याची खात्री नाही.

दोन दिवसांत उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं, 'मलाही कधी कधी नसते. पुस्तकं पाठवते.'

*

पार्सल बैठकीच्या दिवशीच आलं. पोस्टमनने ते बापूरावांच्या हातात न देता ओट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकून विचारलं, "भैया, इसमें है क्या?"

एवढं पुरे झालं! बापूरावांनी ते पार्सल लांब काठीने ढकलत अंगणाच्या मधोमध नेलं. आम्ही तिघं पुरुष संत्र्यांच्या क्रेटांच्या आड उभे. कोणी उघडायचं यावर चर्चा सुरू झाली. साहेब म्हणाले, "संपादकाच्या नावानं हाय, संपादकानं उघडावं." बापूराव म्हणाले, "पत्र मास्तरनं लिहिलं होतं." मी म्हटलं, मला मधुमेह आहे. त्याचा इथे काय संबंध, हे मला अजून सांगता येत नाही.

तोवर ताईंनी पर्समधून कात्री काढली आणि जाऊन पार्सल फोडलंही.

आत तीन पुस्तकं. दोन कादंबऱ्या, एक विज्ञाननिबंधांचं. तिन्हींवर सही. साहेबांनी तिन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून पंधरा मिनिटं पाहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि फार नाइलाजाने म्हणाले, "एकच हात हाय."

निबंधांच्या पुस्तकात खूण म्हणून एक वाळलेलं पान होतं. बापूरावांनी चोळून वास घेतला. "निलगिरी हाय हे. आपल्या रेस्ट हाऊसमागं उभी हाय तेच. एवढ्या दुरून पाठवून राहिली, अन् इथलंच पान!"

साहेबांचा चेहरा पुन्हा बदलला. "इथलंच? मंग बाई इथलीच तं नाही?"

*

विज्ञाननिबंधांचं पुस्तक मी घरी नेलं. त्यात एक निबंध फळांवर होता. फळ झाडावरून पडतं असं आपण म्हणतो, पण खरं तर झाड ते सोडतं. देठापाशी झाड स्वतःच एक पातळ थर तयार करतं आणि त्या जागी पेशी सुट्या होतात. तहान, ताण, भूक, काही झालं की झाड हिशेबाने काही फळं सोडून देतं, उरलेली जगावीत म्हणून.

हा निबंध मी शनिवारी तोंडी मराठी करून सांगितला. बापूराव ऐकता ऐकता उभे राहिले.

"तिले माह्या बगीच्याचं कोणी सांगतलं?"

झालं होतं असं की त्यांच्या बगीच्यात त्या वर्षी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना फुलणाऱ्या मोसमाची, फळं भराभर गळत होती. औषधाच्या दुकानदाराने दोन वेळा फवारणी करायला लावली होती आणि गळ काही थांबत नव्हती. बापूराव सरळ उठले, माझं प्रुफांचं भिंग घेतलं आणि मोटारसायकलवरून बगीच्यात गेले. मी मागे बसलो, कारण भिंग माझं होतं.

तिथे त्यांनी गळलेल्या फळांचे देठ भिंगाखाली धरून बघितले. चाळीस-पन्नास तरी. प्रत्येक देठाचं टोक साफ, कोणी कापल्यासारखं. बापूराव झाडाखालीच बसले. मग झाडाकडे बघून म्हणाले, "तू सोडून राहिलं होतं? अन् मी दुसऱ्यावरच डाऊट घेऊन राहिलो."

त्यांनी पाण्याच्या पाळ्या बदलल्या. गळ किती थांबली ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून त्यांचा ऑड्रीबाईंवरचा संशय उतरला आणि दुकानदारावर गेला. संशय काही नाहीसा होत नाही, तो फक्त घर बदलतो.

*

कादंबरीने मात्र माझ्याच घरात आग लावली.

एका कादंबरीत एक शाळामास्तर आहे. लग्नानंतर बायको माहेरी जाते, तिथून त्याला पत्र लिहिते, आणि हा गृहस्थ त्या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून तिला परत पाठवतो! वाचताना माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

कारण हे मी केलेलं आहे. आमची ही रामाकोना गावची. लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणात तिने मला पत्र लिहिलं होतं. त्यात नऊ चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या, खाली 'प्रयत्न चांगला' असा शेरा मारला आणि पत्र रामाकोन्याला परत टाकलं. त्यानंतर तिने मला आयुष्यात दुसरं पत्र लिहिलं नाही.

हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मग ऑस्ट्रेलियात कसं कळलं?

मी मूर्खासारखा हा उतारा हिला वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"कोन हाय हे बाई?"

"लेखिका आहे."

"रोज कम्प्युटरवर हिलेच लिहून राहिले होते का तुम्ही?"

"अगं, ते मासिकाचं काम."

"घरातल्या गोष्टी सांगून राहिले तिले!"

"शपथ घेऊन सांगतो, मी काही सांगितलेलं नाही."

तिने एक मिनिट माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग जगात असे दोन मास्तर हायेत म्हणायचे? बिचारी दुसरी!" आणि पुन्हा लाटायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या पुस्तकातल्या बायकोनं मंग काय केलं?"

मी सांगितलं, ती त्याला सोडून जाते.

"हुशार हाय ऑड्रीबाई," ही म्हणाली.

*

आता बाई खऱ्या आहेत, एकच आहेत, एवढं मान्य झालं होतं. ताईंनी परवानगीवर सही करून दिली. साहेबांनी ती सही तीनदा ताडली.

तरी एक प्रश्न उरलाच. बाईंना मराठी येते कशी? साहेबांनी हा प्रश्न दोन महिने मनात ठेवला होता म्हणे! विचारलं तेव्हा कळलं, मराठी येत नाही. त्यांच्या गावच्या दवाखान्यात प्राजक्ता नावाची एक मराठी मुलगी नोकरीला आहे. तिने ताईंची गोष्ट वाचली, रडली, बाईंना तोंडी सांगितली. इंग्रजी तीच करणार होती.

"मराठी म्हणजे कुठली?" बापूरावांनी विचारलं.

"पुण्याची."

"मंग तं गोष्ट गेली," बापूराव म्हणाले. "पुण्याची पोरगी आपली भाषा धुऊन, इस्त्री करून पाठवन."

पण प्राजक्ता गुणी निघाली. अडलं की विचारायची. तिच्या शंका आणि ऑड्रीबाईंच्या शंका एकत्र यायच्या. आणि बाईंच्या शंका म्हणजे, काय सांगू! मला वाटायचं संशयात आमचा हात कोणी धरणार नाही. पहिल्याच खेपेला सदतीस प्रश्न! रेल्वेचा रूळ घरापासून किती पावलांवर? शेजारच्यांचा फोन कुठल्या रंगाचा? मुलीचं वय पान दोनवर चौदा आहे, पान सातवर तेरा का?

ते तेरा माझ्या प्रुफातून सुटलं होतं. दोन रात्री मला झोप लागली नाही.

सगळ्यात मोठा संशय होता गोटमारीवर. ताईंच्या गोष्टीत एक वाक्य आहे की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची माणसं नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात, आणि बाबा त्या दिवशी मुलांना घराबाहेर पडू देत नसत. बाईंनी लिहिलं, 'हे लेखिकेने रचलेलं आहे का? प्रतीक म्हणून ठीक आहे, पण वाचकांचा विश्वास बसणार नाही.'

बापूरावांचा संताप झाला. "आपल्यावर डाऊट घेऊन राहिली! आपल्यावर!"

त्यांनी टोपी काढली. कपाळावर उजव्या बाजूला तरुणपणीची खूण आहे, तीन टाक्यांची. सुनेकडून जवळून फोटो काढून घेतला आणि कुठलंही पत्र न जोडता पाठवून दिला.

बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं. 'बापूरावांच्या कपाळाची मी माफी मागते.'

बापूराव अजून ते पत्र खिशात ठेवतात.

*

त्या सदतीस प्रश्नांतला एकोणिसावा प्रश्न मला कधी विसरता येणार नाही.

गोष्टीत असं आहे. वडील ड्यूटी संपली की तिगावच्या स्टेशनावरून शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करत. फोन आला की मुलगी चुलीवर चहाचं आधण ठेवी. चहा उकळेपर्यंत बाबा दारात. त्या संध्याकाळीही फोन आला, तिने चहा ठेवला. मग ती दाराशी जाऊन बसली. मग अंधार पडला, माणसं आली, पुढचं सगळं.

बाईंचा प्रश्न, 'चहा चुलीवरून कोणी उतरवला?'

आम्ही हसलो. साहेब म्हणाले, "पोलीस इन्स्पेक्टर व्हायले पाह्यजे होती." बापूराव म्हणाले, "आईनं उतरवला असन. लिहून टाका, आईनं."

ताई हसल्या नाहीत. खाली बघतच म्हणाल्या, "कोनीच नाही उतरवला, गुरुजी. आटून गेला. चहाचा गंज जळला, बूड काळं पडलं. दुसऱ्या दिवशी मायनं पाहिला."

मी हे जसंच्या तसं बाईंना कळवलं. उत्तर आलं, 'मग ते लिहा.'

ताईंनी तिथेच, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तीन वाक्यं लिहिली. मी ती वाचली आणि चष्मा पुसायला बाहेर गेलो. ती गोष्ट मी छापण्याआधी सहा वेळा तपासली होती. प्रत्येक वेलांटी बघितली होती. चहा चुलीवरच राहिला आहे हे मला दिसलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की संशय आपल्यालाही येतो, पण त्या बाईला योग्य जागी येतो.

आणि हेही सांगतो, सदतीस प्रश्नांत एक प्रश्न नव्हता. बाबा का पोचले नाहीत, हे बाईंनी विचारलंच नाही.

*

आता शेवटचा किस्सा.

ऑड्रीबाईंचा अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी सकाळी बापूरावांच्या सुनेने इंग्रजी प्रुफं माझ्यासमोर ठेवली. ताईंना त्यांची प्रत आधीच थेट गेली होती, मी आपला सवयीने मागून घेतली. सगळं नीट होतं. चहा होता, गोटमार होती, चौदा वर्षं होती. शेवटच्या ओळीवर आलो आणि थांबलो.

मराठीत शेवट असा आहे. सगळं होऊन गेल्यावर मुलगी पुन्हा त्या फोनपाशी येते. म्हणजे मनात. ताईंनी लिहिलंय, 'फोन उचलला. बाबांचा आवाज होता. म्हणाले, येऊन राहिलो.' एवढंच.

आता आपल्याकडे 'येऊन राहिलो' म्हणजे येतो आहे, वाटेत आहे. कोणीही सांगेल. पण पुण्याकडे 'येऊन राहिलो' म्हणजे आलो आणि राहिलो. गोष्टीत इतर ठिकाणी 'करून राहिली', 'बोलून राहिले' होतं, ते प्राजक्ताने बरोबर ओळखलं होतं. इथे मात्र दोन्ही अर्थ बसत होते. आणि तिने इंग्रजीत लिहिलं होतं, 'बाबा म्हणाले, मी आलोय. आता इथेच राहणार.'

मी जागेवरून ओरडलोच! अख्ख्या गोष्टीचा अर्थ उलटा! जो माणूस पोचला नाही, तो पोचला!

दोन तासांत सगळे गोदामात. ताईंना ऑफिसातून बोलावून घेतलं. व्हिडिओ कॉल लागला. पहिल्यांदाच ऑड्रीबाई हलताना दिसल्या. पांढरे केस, हातात पेन्सिल. साहेबांनी आधी कान बघितले. शेजारी प्राजक्ता, पंचविशीची मुलगी.

मी चूक समजावून सांगितली. इंग्रजीत, मग मराठीत. प्राजक्ताचा चेहरा पडला. "सर, मला खरंच तसंच वाटलं," एवढं बोलून ती रडायला लागली.

ऑड्रीबाई शांतपणे म्हणाल्या, "मी ही गोष्ट घेतली ती या शेवटासाठी. पण चूक असेल तर आज दुरुस्त होईल. लेखिकेने सांगावं."

"दुरुस्त करा!" साहेब म्हणाले. "शंभर टक्के!"

"अर्थ म्हणजे अर्थ," मी म्हटलं. "ताई, तुमच्याकडे प्रुफं आली होती ना? तुम्ही वाचली नव्हती का?"

"वाचली ना, गुरुजी. आठ दिवस झाले."

"शेवटची ओळ?"

"तेच पयले वाचली."

"मग बोलला का नाहीत?"

ताईंनी पदराने मोबाइलची काच पुसली, नसलेली धूळ. मग काचेत बघून म्हणाल्या, "प्राजक्ता, रडू नको बाई. तुवं काही चुकलं नाही."

"असं कसं?" मी म्हटलं. "चुकलं आहे! ते पोचले नव्हते, ताई."

"इकडं नव्हते पोचले, गुरुजी," ताई म्हणाल्या. "तिकडं पोचले असतीन तं राहू द्या त्यायले."